एकाच झाडाचे दोन दस्ते

वेड: काका, आधी उतरवून घ्या ना. मग बघत बसा हवं तेवढं.

आर्विड: न बघता मी तुझ्या काकूच्या हातची कॉफीसुद्धा घेत नाही. राहू दे तो ओंडका गाडीतच. मार्लीन, ते ओलं फडकं दे जरा.

मार्लीन: घे. आणि वेड, तू आत ये. नोव्हेंबर आहे बाहेर आणि नुसत्या शर्टावर फिरतोयस. जाकीट कुठाय?

वेड: आहे. गाडीत आहे.

आर्विड: हे बघ. मार्लीन, इकडे ये. पाणी लागलं की लाकडातली नक्षी कशी उठतेय बघ.

मार्लीन: बघितलं.

आर्विड: तशी नको. इकडून बघ, उजेड आडवा येऊ दे. आता मान हलव. पट्टे चालतात की नाही? या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाट कुठे मोडलेली नाही. उभ्या आयुष्यात असं मेपल माझ्या रंध्याखालून चार-दोनदा गेलं असेल.

मार्लीन: लग्न होऊन म्हातारी झाले, मला कधी एवढं निरखून बघितलं नाहीस.

आर्विड: तुझ्यावर असं ओलं फडकं फिरवलं असतं तर तू मला घराबाहेर काढलं असतंस.

वेड: काका, मला निघायचंय.

आर्विड: निघशील रे. कॉफी घे, थरथरतोयस. सिअ‍ॅटलचा तो डॉक्टर वर्षभर जीव खातोय माझा. दोन मुलगे आहेत, दोघांना दोन बंदुका, पण दस्ते एकाच झाडाचे हवेत. शेजारी ठेवले की जुळे दिसले पाहिजेत म्हणे. म्हणून तर तुला सांगितलं होतं, अरुंद काही आणू नकोस. यातून दोन्ही निघतात बघ. एक असा, एक असा. मुठीपाशी रेषा सरळ ठेवायची, तिथे लाट आली की दस्ता तिथेच मोडतो. मागे खांद्याकडे मात्र लाट मोकळी सोडायची. काय दिसेल माहितीये?

वेड: म्हणजे घेताय ना?

आर्विड: घेतो की. फडकं पिळून दे गं पुन्हा, दुसरी बाजू बघू. हं. ही अशी का आहे?

वेड: कशी?

आर्विड: इथे करवत लागलेली नाही. फाटलंय. धागे उपसून आलेत बघ, हाताएवढे.

वेड: कलतं झाड होतं.

आर्विड: ते दिसतंय. कलत्या झाडाला मागून एका दमात कापलं की पडायच्या आधीच ते उभं फाटतं. अर्धा बुंधा मागे उसळतो. कापणाऱ्याच्या अंगावर. मीच शिकवलंय तुला हे.

वेड: हो.

आर्विड: कोण कापत होतं?

मार्लीन: वेड, तुझा जोडीदार कुठाय, केल? एरवी तुझ्या आधी तो उतरतो गाडीतून आणि सरळ माझ्या फ्रीजमध्ये तोंड घालतो.

वेड: तो घरी गेला.

मार्लीन: कशाने गेला? गाडी तुझी. त्याच्याकडे धड सायकल नाही.

वेड: काकू, ओंडका उतरवू दे आधी. मग सांगतो सगळं.

मार्लीन: बाहीला काय लागलंय ते? इकडे कर हात. हे तेल नाही.

वेड: केल झाडाखाली आहे.

आर्विड: झाडाखाली म्हणजे?

वेड: बुंधा उसळला तो त्याच्या मांड्यांवर आला. तो पाठीवर पडला आणि बुंधा वर. मी वरचं टोक कापून टाकलं, म्हटलं ओझं कमी होईल. तरी हलला नाही. पहार लावली, पहार वाकली.

मार्लीन: जिवंत आहे?

वेड: बोलत होता. मी निघालो तेव्हा बोलत होता. जाकीट घातलंय मी त्याच्या अंगावर.

मार्लीन: आणि तू मघापासून इथे उभा आहेस?

वेड: मी म्हणत होतो ना, उतरवून घ्या म्हणून. किती वेळा म्हटलं. काका ऐकतच नव्हते.

आर्विड: अरे, तोंडाने सांगायचं ना. मी इथे फडकं फिरवत बसलो. जोक करत बसलो.

मार्लीन: खोऱ्यात फोन लागत नाही, मान्य. पण येताना पेट्रोल पंप लागतो. अग्निशमनवाल्यांचं ठाणं लागतं. त्यांच्या दारावरून आलास तू.

वेड: गाडीत लाकूड होतं काकू.

मार्लीन: काय म्हणालास?

वेड: सरकारी जंगलातलं लाकूड. केलला मागच्या हिवाळ्यात पकडलं होतं, तो सुटून आलाय तो अटीवर. पुन्हा सापडला तर सरळ आत. तोच म्हणाला, आधी ओंडका तुझ्या काकाकडे टाक, मग माणसं घेऊन ये. म्हणाला, नाहीतर पाय देऊन मी मिळवलं काय.

मार्लीन: झाडाखाली अडकलेल्या माणसाचं ऐकायचं असतं का रे?

वेड: मग कोणाचं ऐकायचं? तिथे दुसरं कोण होतं?

मार्लीन: आणि एवढा ओंडका एकट्याने गाडीपर्यंत नेऊन चढवलास. किती वेळ गेला त्यात?

वेड: माहीत नाही.

मार्लीन: तो बघत होता?

वेड: दिसत होतो तोवर. फळ्या टेकव, लोटत ने, असं सांगत होता. काकू, मला असं बघू नकोस.

आर्विड: पुरे. वेड, कोठीतले दोन्ही मोठे जॅक उचल. साखळी घे. आपण दोघं जाऊन काढतो त्याला. मार्लीन, तू गरम पाणी, चादरी तयार ठेव. इथेच आणू. अंगणातलं झाड पडलं अंगावर, असं सांगू इस्पितळात.

मार्लीन: माझ्या वडिलांना असंच आणलं होतं चौघांनी. ट्रकच्या मागे टाकून, मालकाला कळू नये म्हणून. ओंडका उचलला तोवर बोलत होते म्हणे. उचलला आणि संपले. दाबलेलं रक्त एकदम सुटतं आर्विड. तुम्हाला ते झेपणार नाही. मी फोन करतेय.

आर्विड: कर. पण थोडं थांब. मागच्या खोलीतलं लाकूड तेवढं हलवू दे. ते सगळं त्याच जंगलातलं आहे, तुला माहितीये. शेरीफ आला आणि त्याने ते दार उघडलं तर दुकान गेलं. घर त्यावरच चालतं.

मार्लीन: आहे माहीत. तुझ्या प्रत्येक दस्त्यावरची जाळीची नक्षी मी कोरते. कुठलं लाकूड कुठून आलं ते मी कधी विचारलं नाही, कारण मला कळत होतं. हो बाजूला, फोनसमोरून हो.

आर्विड: मार्लीन, त्या पोराचं भलं कशात आहे ते तरी बघ. तो आत जाईल, हा आत जाईल.

मार्लीन: जाऊ देत. आत जिवंत असतील. हॅलो? हो, माणूस अडकलाय. जंगलात, झाडाखाली. पायांवर बुंधा आहे. नाही, शुद्धीवर होता. होता, म्हणजे याने सोडलं तेव्हा. पंचविशीतला आहे. केल टिबेट्स. थांबा, जागा हा सांगेल. वेड, घे. घे म्हणते ना.

वेड: हॅलो. एल्क ओढ्याच्या वर, जुना लाकूडतोडीचा रस्ता आहे बघा, पूल वाहून गेलाय तिथे गाडी सोडायची. पुढे पायवाट नाही. झाडं धरून यावं लागेल. मेपलची साल काढलेली दिसेल, छातीच्या उंचीवर, पुस्तकाएवढी. आम्हीच काढली. आत पट्टे आहेत का ते बघायला काढतात. एकामागून एक तशी झाडं लागतील. ती संपली की डावीकडे खाली. हो. हो, मीच होतो बरोबर.

मार्लीन: किती झाडं सोललीत रे?

वेड: रुंद मिळेपर्यंत. काकांना रुंद हवं होतं.

आर्विड: माझ्यावर ढकलू नकोस.

वेड: ढकलत नाही. तुम्ही म्हणालात, अरुंद आणलंस तर परत घेऊन जाशील. दोनदा परत पाठवलंत. आज त्याने कलतं झाड धरलं, कारण तेच एक पुरेसं रुंद होतं. मी म्हटलं होतं त्याला, हे सोडून दे. तर म्हणाला, तुझा काका तोंड वाकडं करेल.

आर्विड: असं म्हणाला?

वेड: हसत म्हणाला.

मार्लीन: हॅलो, हो, मी आहे. मार्लीन हॉगन. लाकूड? आमच्यासाठी तोडत होते. माझे मिस्टर दस्ते करतात. लिहून घ्या तसंच. तुम्ही निघालात ना पण? शहरातून येणार म्हणजे वेळ लागणार. बरं. आर्विड, आपण जवळ आहोत, तुम्ही दोघं पुढे व्हा. जॅक राहू दे. हात लावायचा नाही त्या झाडाला, ते सांगतायत. फक्त जवळ बसा, ऊब द्या, बोलतं ठेवा.

आर्विड: चादरी दे. तो लोकरी कोटही दे माझा. वेड, चल, माझ्या गाडीतून.

वेड: आणि माझ्या गाडीतला ओंडका?

आर्विड: मरू दे तो ओंडका. मार्लीन, वायरलेस चालू ठेव. वर गेल्यावर तेवढाच लागतो, छोटा सेट मी खिशात घेतोय.

मार्लीन: केलच्या आईला काय सांगू? शाळेतलं काम आटोपलं की ती इकडून जाते.

आर्विड: सांग, आम्ही आणायला गेलोय.

(दुपार उलटली आहे. मार्लीन वायरलेससमोर.)

आर्विड: मार्लीन.

मार्लीन: बोल, बोल. येतंय ऐकू. पोचलात?

आर्विड: पोचलो.

मार्लीन: ते लोक पुलापाशी आलेत, आत्ताच कळवलं त्यांनी. स्ट्रेचर घेऊन चढतायत. केलला सांग, आलेच म्हणावं.

आर्विड: हं.

मार्लीन: त्याची आई आहे इथे माझ्याजवळ. तिला बोलायचंय त्याच्याशी. कानाला लाव त्याच्या.

आर्विड: तिला जरा बाहेर पाठव.

मार्लीन: का?

आर्विड: पाठव ना मार्लीन.

मार्लीन: गेली. अंगणात आहे. वेड काय करतोय?

आर्विड: बसलाय त्याच्याशेजारी. जाकीट सारखं करतोय त्याच्या अंगावरचं. मघापासून तेच करतोय. माझं ऐकत नाही.

मार्लीन: कधी झालं, आर्विड?

आर्विड: फार वेळ नसेल झाला. मानेला हात लावून बघितला मी. गरम आहे अजून.