कालचं पाकीट

मुलगी : बाबा, ती किटली खाली ठेवा आधी. तिसऱ्यांदा घासताय.

बाबा : तळाशी क्षार बसतात. तू वाच ना पुढे, माझे कान मोकळेच आहेत.

मुलगी : अहवालातलं हे पान साध्या वाचकांसाठी आहे. आईलाही कळलं पाहिजे, असं लिहिलंय. "चिपच्या आत एक कुलूपबंद खोली असते. तिला एन्क्लेव्ह म्हणतात. तुमचा पिन तिथे तपासला जातो. बाहेर ऑपरेटिंग सिस्टिम वॉचमनसारखी उभी असते, आणि हा वॉचमन फितूर असू शकतो असं धरूनच खोली बांधलेली असते. दोघांच्या मधे एक छोटी खिडकी."

बाबा : खिडकी हा शब्द आमचा. बरा घेतलास.

मुलगी : "दहा वेळा पिन चुकला की खोली कायमची बंद होते. पण वीज गेली की खोली सगळं विसरते. म्हणून किती वेळा चुकलं हा आकडा ती सीलबंद पाकिटात घालून वॉचमनकडेच ठेवायला देते. वॉचमनला पाकीट उघडता येत नाही. पण आजचं दाबून ठेवून कालचं पाकीट आत सरकवता येतं."

बाबा : आणि खोली म्हणते, अरे वा, अजून एकदाही चुकलं नाही.

मुलगी : हो. नऊ वेळा चुकायचं, फोन बंद करायचा, जुनं पाकीट द्यायचं, परत नऊ वेळा. एवढ्या नामांकित चिपला असा चकवा! मला आधी खरंच वाटेना.

बाबा : कधी छापताय?

मुलगी : उद्या सकाळी दहाला. कंपनीला दुरुस्तीसाठी तीन महिने दिले होते, ते आज संपले. बाबा, कोडच्या त्या भागावर "आखणी आणि मंजुरी" म्हणून तुमचं नाव आहे. ते लोकांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून आले.

बाबा : नाव असणारच. खिडकी मीच आखली. चार वर्षं घातली त्यात. तुझ्या एकाही पालकसभेला आलो नाही.

मुलगी : त्याचं राहू द्या आता.

बाबा : तुम्हाला सापडलं कसं?

मुलगी : बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेने पोलिसांकडून एक फोन आणून दिला. एक बाई नवऱ्याचं घर सोडून गेली, घाईत फोन घरीच राहिला. नवऱ्याने तो कुणाकडे तरी दिला, आठवडाभर मशीनला लावून ठेवला. उघडला. आत मैत्रिणीचा पत्ता होता. दोन वर्षं लपून राहिलेली बाई, तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

(बाबा किटली खाली ठेवतात.)

मुलगी : बाबा?

बाबा : आठवडाभर म्हणालीस?

मुलगी : हो. का?

बाबा : काही नाही. पुढे काय आहे?

मुलगी : एक रकाना रिकामा आहे. "हा धोका पूर्वी कुणाच्या लक्षात आला होता का?" कंपनीने कळवलंय, नाही. मी तेच लिहिणार होते.

बाबा : लिहू नकोस. आला होता.

मुलगी : कुणाच्या? तुमच्या?

बाबा : माझ्या कसला! शंकासुराच्या.

मुलगी : ते काका? आपल्याकडे यायचे, मला कागदाची विमानं करून द्यायचे?

बाबा : तोच. नाव मीच पाडलं होतं. तो म्हणाला, चिपमधेच एक काउंटर बसवा, पुढे जाणारा, मागे कधीच न फिरणारा. पाकिटावर तो आकडा टाका. जुनं पाकीट आलं की खोलीला तिथेच कळेल. अगदी बरोबर होतं त्याचं.

मुलगी : मग?

बाबा : चिपचा आराखडा बदलावा लागला असता. चार महिने गेले असते. माझ्या डोक्यावर लाँच बसलेलं. मी त्याची तक्रार बंद केली. "व्यवहारात असं कुणी करणार नाही", असा शेरा मारला. पंधरवड्यात त्याने नोकरी सोडली.

मुलगी : काउंटरसाठी?

बाबा : आणखी कशासाठी? तत्त्वाचा माणूस. लिही तू, पहिलं नाव त्याचं लिही.

मुलगी : असं परस्पर नाही लिहिता येत, त्यांना विचारावं लागेल. नंबर आहे?

बाबा : आहे. नवा फोन घेतला की उतरवून घेतो.

मुलगी : आणि अठरा वर्षांत एकदाही लावला नाही? धन्य आहात. द्या इकडे.

(फोन लागतो. मुलगी स्पीकर सुरू करते.)

मित्र : हॅलो, कोण?

बाबा : मी बोलतोय.

मित्र : आवाज तोच आहे. बोल.

बाबा : तुझं खरं ठरलं रे. पाकिटाचं. एका बाईचा फोन उघडला तिच्या नवऱ्याने. आठवडाभर बसून.

मित्र : हं.

बाबा : माझी मुलगी अहवाल लिहितेय. तुझं नाव घालायचंय, आधी तू सांगितलं होतंस म्हणून. मी ऐकायला हवं होतं. काउंटरवरून तू नोकरी सोडलीस...

मित्र : काउंटरवरून कोण नोकरी सोडतं? वाद होता तो. वाद काय, रोजचेच होते आपले.

बाबा : मग?

मित्र : आठवत नाही तुला?

बाबा : आठवतं.

मुलगी : काय, बाबा?

मित्र : पोरगी ऐकतेय का? ऐकू दे. मी मीटिंगमधे म्हणालो, चोर आठवडाभर बसणार नाही, पण घरातला माणूस बसेल. तर तुझे बाबा म्हणाले, "का रे, तुझ्या घरी असं चालतं वाटतं?" चौदा माणसं हसली.

बाबा : मी गंमत केली होती.

मित्र : माझी ताई तेव्हा दोन पोरं घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. रोज दार दोनदा तपासून झोपायची.

बाबा : मला माहीत नव्हतं रे. देवाशपथ.

मित्र : शेजारच्या टेबलावर बसायचास. चेहरा तरी बघायचास माझा.

मुलगी : बाबा, मघाशी हे नाही सांगितलंत.

बाबा : कुठल्या तोंडाने सांगू? लाँचचं कारण सांगता येतं चारचौघांत. अठरा वर्षं तेच सांगतोय, स्वतःलासुद्धा. चुकलो रे मी. फार चुकलो.

मित्र : ती बाई कुठे असते आता? ... नको, थांब पोरी. सांगू नकोस. मलाही नको, कुणालाच नको. बरी आहे ना, एवढंच सांग.

मुलगी : हात मोडला होता, काका. पण आता सुखरूप आहे.

मित्र : मग ठीक. नाव घालायचं तर घाल. नाही घातलंस तरी अडत नाही.

बाबा : मी येऊ का भेटायला? पत्ता सांग.

मित्र : घर बदललंय आम्ही.

बाबा : म्हणून तर विचारतोय.

मित्र : हं. कळवतो. सवडीने कळवतो. ठेवू?

बाबा : ठेव. ... ठेवला त्याने.

मुलगी : बसा जरा. पाणी देऊ?

बाबा : नको. पेन दे, कागद दे. पत्ता देतो म्हणाला.

मुलगी : कळवतो म्हणाले, बाबा.