मुकी बस आणि भोंगेमामा

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यवस्थापकसाहेब, मंचावरचे इतर मान्यवर, आजचे उत्सवमूर्ती आणि त्यांच्या सौभाग्यवती, डेपोतली चालक-वाहक मंडळी आणि माझ्या सहप्रवाशांनो. मंचावर कोण कोण बसलंय ते सूत्रसंचालकांनी मला कानात सांगितलं आहे. त्यातून कुणी मान्यवर राहून गेले असतील, तर त्यांनी एकदा खोकावं, त्यांनाही वंदन करतो. अरे वा. बरेच राहिले होते की.

मी जन्मापासून आंधळा. दृष्टिहीन म्हणा, दिव्यांग म्हणा, तुमच्या जिभेला सोपं जाईल ते म्हणा. इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर आहे. रोज सकाळी सात नंबरच्या बसने जातो आणि मी पोचेपर्यंत रात्रपाळीच्या बाईंना घरी जाता येत नाही. तेव्हा बस चुकली की शिव्या मला बसतात, हे आधीच सांगून ठेवतो.

पूर्वी ती चुकायची नाही. डिझेलची बस कोपऱ्यावर वळली की आधी खिडक्यांच्या काचा वाजायच्या, मग धुराचा वास यायचा, मग बस. सातचा खडखडाट वेगळा, अकराचा वेगळा. आंधळ्याला आणखी काय हवं? घरच्यांना मात्र बरंच काही हवं होतं. आमचं घर थांब्याच्या समोरच. आमच्या हिनं वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी काळपट होऊन आत यायचे, आणि धाकटीचा खोकला काही हटायचा नाही. म्हणून विजेवरची बस आली तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. धूर नाही, आवाज नाही, चढायला पायऱ्या नाहीत. धाकटीचा खोकला गेला. पायऱ्या नाहीत म्हणून गुडघे धरलेल्या सासूबाईसुद्धा आता दर आठवड्याला येतात. असो. प्रत्येक सुधारणेची काही ना काही किंमत असतेच.

पण व्यवस्थापकसाहेब, तुमची बस इतकी शांत, की ती आलेली मला कळेचना. सकाळी थांब्यावर बहुधा मी एकटाच, आणि पुढे रस्त्यावर मोटारींचा गोंगाट. माझी काठी घडीची आहे. लोक अडखळतात म्हणून थांब्यावर ती पिशवीत ठेवतो. बस आली, माझ्या नाकासमोर दार उघडून उभी राहिली, कंटाळून निघून गेली. मी आपला वाट बघतोय. दुसऱ्या दिवशीही तेच. बस चालवणारे आपले उत्सवमूर्ती, म्हणजे मामा, नव्या बसबरोबर या मार्गावर नवेच आले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाले, "अहो साहेब, दोन दिवस दार उघडून थांबतोय, तुम्ही ढुंकूनही बघत नाही. रुसलात की काय?"

मी म्हटलं, "रुसलो नाही हो. बघायची सोयच नाही."

मामा खाली उतरले आणि माझा हात धरून त्यांनी मला आत बसवलं. दुसऱ्या दिवशी बस थांबली आणि आरोळी आली, "सात नंबर, बाजारावरून इस्पितळ, स्टेशन, या या या." आवाज कसा? उत्सवमूर्तींचा मान राखून सांगतो, गंजलेलं शटर वर ढकलल्यासारखा. लोकांनी भोंगेमामा हे नाव उगीच नाही ठेवलं. पण तेव्हापासून एकही थांबा त्यांनी गुपचूप घेतला नाही.

गंमत अशी, की गरज माझी एकट्याची नव्हती. भाजीवाल्या मावशी एकदा माझ्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला आकडा वाचता येत नाही रे बाबा. दर वेळी विचारायची लाज वाटते, मग कितीदा भलत्याच बसमध्ये बसले." मावशींचे डोळे ठणठणीत आहेत, तरी त्यांनाही हा भोंगा लागतच होता.

मग कुणाच्या तरी झोपमोडीची तक्रार आली आणि साहेबांनी मामांना बोलावलं. साहेब, रागावू नका, निरोपाच्या दिवशी थोडं खरं बोललेलं चालतं. तुम्ही म्हणालात, "बस शांत आहे हीच आपली जाहिरात, आणि तुम्ही ओरडत सुटता?" मामा म्हणाले, "बस शांतच आहे साहेब. मी नाही." साहेब हसले आणि विषय तिथेच मिटला, याबद्दल मी त्यांचा खरोखर ऋणी आहे. पुढे त्यांनी बसमध्ये बोलणारं यंत्रही बसवलं. ते आत बसलेल्यांना सांगतं, सात नंबरमध्ये आपलं स्वागत आहे. अहो, आतल्याला कशाला, बाहेरच्याला सांगा की. बाहेर बोलणारं यंत्र म्हणे समितीकडे आहे. ही समिती तुमच्या बसपेक्षाही शांत आहे.

आणि आज मामा निवृत्त होताहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी उद्यापासून सात नंबर चालवणार. ब्रेक फार हळुवार लावते, हातातला चहासुद्धा सांडायचा नाही. पण लाजते. मामा मागे रजेवर होते तेव्हा ती एकटी आली, थांबली आणि गेली. मी थांब्यावर तसाच उभा, आणि तिकडे रात्रपाळीच्या बाई माझ्या नावाने बोटं मोडत होत्या.

मामा, तुमचे आभार मी काय मानणार? तुम्ही हाक मारायचात म्हणून मी कुणाच्या उपकाराशिवाय कामावर जात होतो. अध्यक्षमहोदयांचे, साहेबांचे आणि एवढा वेळ मला सोसल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या वर्मी लागलं असेल, तर पोटात घाला. सासूबाई सभागृहात असतील, तर त्यांची माफी घरी मागतो.

माइक मात्र इतक्यात सोडत नाही. ती मुलगी कुठे बसली आहे? उभी राहू नकोस गं, त्याचा मला काय उपयोग. आवाज दे. मामा, तुम्ही मध्ये बोलू नका, तुमची ड्यूटी संपली.

कोण बोललं? पुन्हा म्हण. आणखी जरा मोठ्यानं, समोर रस्ता आहे असं समज.

"सात नंबर. बाजारावरून इस्पितळ, स्टेशन. या काका."

आलो गं बाई, आलो. उद्या थांब्यावर मीच असेन.