काठावर राहिलेलं घर

योजना आखण्यात आमच्या चारकोपच्या वसंताचा हात कोणी धरणार नाही. त्याची ही ताजी योजना ऐका. एका जलाशयातल्या लहानशा बेटावर उद्यान आहे. तिथे बिछाने, शेगडी आणि न्हाणीघर असलेल्या गाडीतून, म्हणजे चक्क फिरत्या घरातून, सहकुटुंब जायचे त्याने ठरवले. दोन खोल्यांत राहणारी सहा माणसे. परक्या जागी झोप येत नाही म्हणून शालिनीवहिनी एरवी कुठेही जात नाहीत. या गाडीमुळे मात्र त्या प्रथमच तयार झाल्या होत्या.

मी सहज विचारले, "बेटावर गाडी जाणार कशी?"

"होडीतून. वर्सोव्याहून मढला स्कूटर नाही जात?"

"स्कूटर जाते, वसंता. तू घर नेतोयस."

त्याने उद्यानात फोन लावला. होडीत फक्त माणसे घेतात, गाडी काठावर ठेवायची आणि रात्री बेटावर तंबूत राहायचे, असे उत्तर मिळाले. वसंताचा चेहरा उतरला. "वाट लागली रे. आता ही कसली येते?"

चहा घेऊन आलेल्या वहिनींनी सारे ऐकले होते. "म्हणजे तुम्ही पाचही जण बेटावर, आणि गाडी काठावर?"

"हो ना. जाऊ दे, रद्द करतो."

"रद्द कशाला? गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवंच ना." त्यांनी कप शांतपणे खाली ठेवले. "मी थांबते. लग्न झाल्यापासून एकदा तरी घरात एकटीनं राहून बघायचं होतं मला."