पूजेतली हत्यारं

हॅलो? … हो, बोला. अहो, पार्किंगमधून फोन कसला करताय, वर या की! … बॉनेट उघडंय? बरं, सांगा, वाटेत लागतील म्हणून काय काय आणू?

प्लगपाना … पक्कड … बारीक कानस … फॅनबेल्ट … जॅक? … तो गाडीतच आहे, बरं. हातोडीपण? एवढ्या साहेबी गाडीला हातोडी? … नको? बरं, राहू दे. … अहो पण थांबा, थांबा. तुमची पेटी रिकामी आहे.

आईंनी केली. सकाळीच. … सगळी हत्यारं पाटावर मांडलीत. हळदकुंकू, झेंडू, सगळं झालं. … दसरा आहे आज, विसरलात?

नाही. संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. … मी नाही हो म्हणत, तुमच्या मातोश्री!

एखादाच? अहो, एक उचलला काय अन् दहा उचलले काय … बरं, विचारते. आई, एकच प्लगपाना … नाही म्हणाल्या. मानसुद्धा वर केली नाही, तोरण ओवताहेत.

मग शेजारच्या भीमराजभाऊंची पेटी मागू? … का नाही बसणार? … हां, तुमच्या विलायती गाडीचे नट इंचातले आणि त्यांचे पाने मिलिमीटरचे. लेदरच्या सीटा, लाकडी डॅशबोर्ड, अन् पाना मात्र अख्ख्या चिंचवडात उसना मिळायचा नाही!

हत्यारांशिवाय तसेच जा मग. … चिडताय कशाला? … हो हो, ठाऊक आहे मला. तुमचे उस्ताद नानासाहेब तिकडे रावेतला तुमची वाट बघत टोपी घालून बसले असतील. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बाहेर पडताहेत, चाकणला आपल्या वर्कशॉपच्या पूजेला. तेही एकेकाळी त्यांचीच असलेल्या या गाडीतून. … मोशीत बंद पडली आणि त्यांना टेम्पोत बसवावं लागलं, तर तुम्ही जन्मभर मनाला लावून घ्याल. कळतंय हो. मलाही वाईट वाटेल. … थांबा, आई काहीतरी म्हणताहेत. धरा जरा.

काय, आई? … खरंच?

हॅलो, ऐका. पूजा मोडायची नाही, पण सोबत न्यायला हरकत नाही म्हणताहेत. हत्यारांना हात न लावता नुसता पाट उचलायचा. निरांजन शांत झालंय, नारळ राहू दे तसाच. … अहो ऐका ना पुढचं! चाकणला आरती नानासाहेबांच्या हातून करायची. आणि वाटेत गाडी अडलीच, तर पहिला पाना त्यांनीच उचलायचा. म्हणतात, ‘आमच्या गुरुदत्तच्या हातात पहिला पाना त्यांनी दिला, त्यांनी उचलला तर देवी रागावायची नाही.’

हॅलो? … अहो, रडताय काय? … बरं, बरं. आधी नाक पुसा.

आईपण येताहेत. … कुठे म्हणजे? मागच्या सीटवर! नवी नऊवारी नेसून कधीच्या तयार आहेत. मला तर वाटतं, त्यांचं हे आधीच ठरलं होतं.

निघालो आम्ही. पाट जड आहे हो भलताच, डिकी उघडून ठेवा. … उघडत नाही? मग एरवी कशाने उघडता? … मोठा स्क्रू-ड्रायव्हर?

अहो, त्यालाच तर हार घातलाय! … नाही. अजिबात नाही. आई पाट मांडीवर घेऊन बसतील. लिफ्ट आली, ठेवते!