नानांनी उघडलेला गियरबॉक्स

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कपाटावरचा तो ट्रॅक्टर मी एकट्याने जोडलेला नाही. प्लास्टिकच्या बारीक ठोकळ्यांचा तो किट मी धुळ्याला घरी महिनाभर पुस्तिका बघून जोडत होतो. जोडून झाला त्याच दिवशी शिंदखेड्याहून सासरे आले. नानांनी तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेत. लग्नाला आठ वर्षं झाली, पण माझ्याशी ते पाऊसपाण्यापलीकडे कधी बोलले नव्हते.

त्यांनी चाक फिरवून कान लावला. आतून खरखर ऐकू आली. "गियर आवाज करी राह्यना."

"तो तसाच असतो, नाना."

"कसा काय तसाच?"

मी अंघोळ करून आलो, तर जेवणाच्या टेबलावर ट्रॅक्टरचे सुटे तुकडे पसरलेले. मी पुस्तिका पुढे केली. नानांनी ती बाजूला ठेवली आणि मला शेजारी बसवलं. दीड तास ते एकेक गियर माझ्या हातात देऊन समजावत होते आणि मी तो बसवत होतो. शेवटी मी चाक फिरवलं, तर खरंच आवाज नाही. फक्त टेबलावर सात तुकडे उरले होते.

"नाना, हे?"

"राहू दे. खरा ट्रॅक्टरमा बी उरतस."