बतासियाला धूर दिसला नाही

हॅलो?… कोण, प्रबीना? बोल गं छोरी… नाही, आधी माझं ऐक. रडायचं नाही.

मला कळलंय सगळं. खिडकीतच उभा होतो मी. बतासियाच्या वळणावर तुझी शिट्टी ऐकली. तुझी आमा नेहमीसारखी काजळी बसायच्या आत दोरीवरचे कपडे काढायला धावली. झाडांवर धूर चढेल म्हणून बघतोय, तर धुराचं नाव नाही! म्हटलं, विझवली पोरीनं आग. बुडाली फायरमनची परीक्षा… अगं ऐक ना! एकतीस वर्षं इंजिनात कोळसा टाकला मी, माझीसुद्धा पहिल्या दिवशी…

काय?

घूमला? वरच्या घूम स्टेशनला पोचलीस?… मध्ये न थांबता?

थापा मारू नकोस. तुझ्या साइला काकाला दे फोन… हो, ड्रायव्हरलाच दे… हां साइला, ही काय बडबडतेय?… पास? साहेबांनी सही केली?… बरं, बरं. दे तिला.

छोरी! अगं मग धूर कुठं गेला? आमच्या वेळी अख्खा डोंगर काळा व्हायचा. फिरायला आलेले पाहुणे टाळ्या वाजवायचे…

हं… हं… काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा? म्हणजे ताकद गेली धुराड्यातून वर, आणि चाकाला ठेंगा?

मग तू काय केलंस?… मुठीएवढे तुकडे, पातळ थर… हो, ते मीच शिकवलंय. पुढं?… भट्टीचं दार बोटभर उघडं? मी तर दणकन लावायचो!… वरून हवा गेली की धूरच पेट घेतो… अस्सं.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलानं साठवलेलं ऊन. त्याची आग, आगीची वाफ, वाफेवर चाकं… आणि मी शहाणा त्यातलं निम्मं ऊन आभाळाला परत करत बसलो! हसू नकोस. इथं तुझी आमाही हसतेय.

थांब, तो आवाज कसला? इंजिन? फोन तिकडे धर… अजून जवळ…

जादा वाफ सोडतंय? घूमला? अगं म्हातारे, इकडे ये, कान लाव! चढ संपला तरी पोरीकडे वाफ उरलीय! मी घूमला पोचायचो तेव्हा वाफही संपलेली आणि मीही… जिंकलीस गं छोरी. बापाला हरवलंस!

हो, हो, निघा तुम्ही. आमा मोमो करतेय… अगं ठेव आता, भट्टीकडे बघ!

…म्हातारे, ते ओले कपडे घेऊन काय उभी राहिलीस? गाडी परत येईल म्हणून? घाल, पुन्हा दोरीवर घाल सगळे. पांढरी साडी सगळ्यात पुढं घाल. आज कोळसा आपली प्रबीना टाकतेय.