हळद नको, काठीबी नको

माझं नाव विमल, पण गावात सगळे विमलअक्का म्हणतात, आणि पाठीमागं नागवाली म्हणतात तेबी मला माहीत आहे, म्हणू दे. माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरच्या वर, कोरडवाहू ज्वारी, मोह, डिंक, जे मिळेल त्यावर घर चालायचं. लगीन झालं आणि इकडं चाळीसगावकडं आले, तेव्हापासून निंदणी आणि कापूस वेचणी, दुसरं काही नाही. मुलगा सुरतला मिलमध्ये आहे. शाळा शिकले नाही ताई, पण बोलायला कुणाच्या बापाला भ्याले नाही.

काय सांगू तुम्हाला, आमचं घर आणि दिराचं घर एकाला एक लागून, मधी परसात त्याचे गिलक्याचे, म्हणजे घोसाळ्याचे, वेल. कोंबड्या शिरतात म्हणून नानानं, दिराला आम्ही नानाच म्हणतो, नायलॉनची जाळी बांधलेली. आषाढातली गोष्ट, सकाळी भांडी घासायला मागं गेले तर फुस्स आवाज आला, बघते तर जाळीत नाग. अर्धा इकडं अर्धा तिकडं, जितका ओढायचा तितका दोरा रुतायचा, कातडी फाटलेली, जखमेला मुंग्या लागलेल्या, आणि फणा मात्र उभा. भांडी टाकून मी चार पावलं मागं पळाले, खोटं कशाला सांगू.

माझा मालक नागानंच गेला ना. म्हणजे लोक तसं म्हणतात. शेतात चार जणांनी मिळून नाग ठेचला, मेला म्हणाले, आणि हा भोळा शेपूट धरून बांधावर फेकायला गेला, तर तो अर्धमेला होता, उलटून चावला. मग दवाखाना सोडून भगताकडं नेलं, लिंबं उतरवली, मी रडून सांगते गाडी करा, गाडी करा, नव्या सुनेचं कोण ऐकतं. जखमी साप जास्त चावतो हे मला कुणी शिकवायला नको, कपाळानं शिकवलं.

म्हणून मी आधी फोन केला. चाळीसगावात जावेदभाऊ आहे, पंक्चर काढतो आणि साप धरतो, वनखात्याला विचारून धरतो. तो म्हणे, अक्का, लांब उभ्या राहा, नजर काढू नका, जाळी तुम्ही कापू नका, आणि माणसं जवळ येऊ देऊ नका, मी निघालोच. बाकी सगळं सोपं होतं, माणसं अडवणं कठीण. मी घरातली खाट ओढत आणली, जाळीपुढं कुशीवर उभी केली आणि तिच्यापुढं उभी राहिले.

नाना काठी घेऊनच आला. म्हणे, वहिनी, बाजूले हो, जखमी नाग शे तो, डूख धरस, आज सोडा तर बठ्ठा घरले खाई, म्हणजे सगळ्या घराला. मी म्हटलं, जाळी तुमनी शे नाना, डूख धरी तर तुमनावर धरी, मन्हा घरले कसाले खाई. तर पेटलाच तो. म्हणे, ज्यानी मन्हा भाऊ खादा त्यानी जातले वाचाडस का तू. ताई, त्या वेळी माझ्या तोंडून गेलं, इतकी वर्षं घशात होतं ते, मी म्हटलं, तुमना भाऊले भगतना दारशी बसाडं कोनी. भगताकडं न्यायचं यानंच ठरवलं होतं. नाना काळाठिक्कर पडला आणि म्हणे, यंदा रोटले येवानं नही.

आमच्याकडं श्रावणात कानबाई देवी बसते, तिचे रोट, गव्हाच्या जाड पोळ्या, भाऊबंद मिळून खातात, घरातल्या पुरुषामागं सव्वा मूठ गहू एकत्र दळतात. रोटाला नाही म्हणजे तू आमची नाही. तरी मी खाटेपासून हलले नाही.

तेवढ्यात जाऊ आली दूध आणि हळदीची वाटी घेऊन. देव शे, म्हणे, जखममा हळद भरस. खाटेच्या बाजूनं हात घातलाच होता तिनं, मी मनगट धरून मागं ओढली. म्हटलं, बाई, तुला तो देव आहे, पण तू त्याची भक्तीण आहेस हे त्याला कुठं ठाऊक, आणि दूध साप पीत नाही, घरी जा, चहा कर. एकाला काठी लावायची, दुसरीला हळद, आणि दोघं माझ्यावरच रागावलेले.

जावेदभाऊ आला. आकड्यानं फणा वळवून नागाचं डोकं आरपार दिसणाऱ्या नळीत शिरवलं, नळी आणि अंग एका मुठीत धरलं, मग बाहेरची जाळी कापली, रुतलेला दोरा तसाच ठेवला, तो जनावरांच्या डॉक्टरनं काढला. जखम भरल्यावर वनखात्याच्या माणसांसोबत डोंगराकडं सोडला.

कानबाई आली, बोलावणं आलं नाही. मी मुलाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात घेतले आणि भर सकाळी गल्लीच्या मधून चालत नानाच्या ओट्यावर जाऊन बसले. नाना म्हणे, कोनी बलावं तुले. मी म्हटलं, कानबाईनी, आणि नको असेल तर उठवा मला, हात धरून उठवा, गाव बघतंय. नानानं हात पुढं केला नाही. जाऊ बाहेर आली, माझ्या हातातलं सूप घेतलं आणि त्यांच्या गव्हात ओतलं. मग मी नानाला म्हटलं, निवडा आता, माझे कोणते ते.

रोट पोटभर खाल्ले. नाना अजून बोलत नाही, नको बोलू दे. त्याचे हातपाय धड राहोत, वेलाला गिलकी लागोत. फक्त परसात पुन्हा नाग निघाला तर काठी शोधायच्या आधी हाक मार म्हणावं, तेवढ्यापुरता अबोला सोड, मी येईन.